काट्यावरचा हात

एमआरआयची फिल्म अण्णांनी दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडं धरलीय. उलटी. पण तसं कुणी म्हणत नाही, कारण सुलटी कशी दिसते हे पडवीतल्या कुणालाच नक्की माहीत नाही. मार्च संपत आलाय, रविवार आहे, आणि निमगाव सावातल्या माझ्या मामाच्या घरी सकाळी साडेनऊलाच उन्हाचा चटका बसायला लागलाय. काळ्या फिल्मवर मामीच्या मानेचे मणके लहान लहान चौकोनांत पुन्हा पुन्हा छापलेत. "हे बघा, इथं दबलीय नस," असं म्हणत अण्णा अंगठ्यानं जी जागा दाखवतात ती, मला वाटतं, मामीची जीभ आहे.

मामी खांबाला टेकून बसलीय. डावा हात डोक्यावर. डोक्यावर घमेलं असावं आणि ते सावरावं तसा, फक्त घमेलं नाही.

समोर चिंचेखाली कांद्याचा ढीग आहे. सात-आठ बाया विळ्यानं पात कापतायत, कापलेला कांदा क्रेटमध्ये, क्रेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर, काट्यावरून बराखीत. काटा दर मिनिटाला टुंग करतो. यंदा मामी त्या रांगेत नाही, आणि गेल्या पाच आठवड्यांत ही गोष्ट गावात सांगून झालीय. म्हणूनच तर माणसं येतायत.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मामीला तिच्या मुलानं, दादानं, नेलं होतं. तिथं फिल्म काढली, रिपोर्ट मिळाला आणि पुढच्या मंगळवारची तारीखही मिळाली. ऑपरेशनची. तेव्हापासून या घरात दोन पक्ष आहेत. दादा म्हणतो, करून टाकू. मामा म्हणतो, मानेला हात लावू द्यायचा नाही. अण्णांचा तिसरा पक्ष आहे, तो रोज बदलतो. मला पुण्याहून बोलावलंय ते माझ्यासाठी नाही, माझ्या लेकीसाठी. ती अस्थिरोग विभागात शिकते, दुसरं वर्ष आहे. गाडीत येताना तिनं मला चारदा बजावलंय, "आई, मी अजून शिकतेय. मी काही ठरवणार नाही." खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक पांढरी थाळी वाटेत दिसली तेव्हा म्हणाली, "पंचेचाळीस मीटरची थाळी घेऊन हिला मान फिरवता येते, बघ." म्हणजे ती मानेचाच विचार करत होती.

आता ती फिल्मकडं बघतही नाही. चप्पल काढून सरळ मामीपुढं मांडी घालून बसते.

"आजी, हात डोक्यावर का ठेवलायस?"

"तसा ठिवला की जरा बरं वाटतं गं."

"खाली घे बरं."

मामी हात खाली घेते. अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा आवळतो. हात परत डोक्यावर.

लेक माझ्याकडं बघून हसते. "निम्मं निदान आजीनं स्वतःच करून ठेवलंय." मग मामाला समजावते की मणक्यातून बाहेर येणारी नस दबली असली, तर हात वर नेल्यावर तिच्यावरचा ताण सैल होतो, आणि डॉक्टर मुद्दाम हेच करून बघतात. खांदाच बिघडला असता तर हात वर नेताना उलट जास्त दुखलं असतं. अण्णा म्हणतात, "आन् आम्हाला वाटलं देवाला गाऱ्हाणं घालतीय."

मग प्रश्न. कुठून कुठपर्यंत दुखतं? मामी उजव्या हाताच्या बोटानं रेघ काढते: मान, पाठीचा फरा, दंडाची मागची बाजू, कोपर, मधलं बोट. अंगठा? नाही. करंगळी? नाही. मधलं बोट मात्र "दुसऱ्याचं असल्यागत" वाटतं. ताप आला होता? वजन उतरलंय? पूर्वी कधी टीबी? पाय अडखळतो? लघवीला घाई होते, थांबून राहते? ब्लाउजचे हुक लावता येतात? या शेवटच्या प्रश्नाला अण्णा उठून पाणी प्यायला जातात. ताप नाही, टीबी नाही, लघवीचं काही नाही. हुक लावता येतात, वेळ लागतो, पण तो दुखण्यामुळं.

"भाकरी?"

उत्तर मामी देत नाही, चुलीपासून वहिनी देते. "भाकरी एका अंगाला जाड राहतीय. म्हणून मीच थापते आता."

लेकीचं तोंड गंभीर होतं. भाकरी थापायला तळहात खाली दाबावा लागतो, आणि कोपर सरळ करून दाबण्याचं काम दंडामागचा स्नायू करतो. मानेत सात मणके असतात आणि नसांच्या आठ जोड्या. सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी सरकली की सातवी नस दबते, ती जाते मधल्या बोटाला आणि या स्नायूला. तिनं छोटा रबरी हातोडा आणलाय. कोपराच्या मागं उजवीकडं टक् केलं की हात उडतो. डावीकडं टक्, टक्, काहीच नाही. मामा पुढं सरकून बसतो. पाच आठवडे तो फिल्म बघतोय. हात आज पहिल्यांदा बघतोय.

पुढची तपासणी पोरांच्या आवडीची निघते. मूठ वळायची आणि उघडायची, जमेल तेवढ्या वेगानं, दहा सेकंद. लेक मोबाइलवर वेळ लावते आणि दादाची दोन्ही पोरं ओरडून मोजतात. उजवा हात चोवीस. डावा हात एकवीस. विसाच्या खाली आला असता तर तिला काळजी वाटली असती. मग पडवीतल्या फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालायचं. मामी चालते, थोरली नात मागून तसंच चालते, अण्णाही चालून बघतात आणि तेच झोकांडी खातात. शेवटी मामीच्या मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं खाली सोडून लेक तिच्या अंगठ्याकडं टक लावून बघते. अंगठा हलत नाही. "छान," ती स्वतःशीच म्हणते.

यात छान काय ते ती मला नंतर सांगते. मानेत दोन वेगळ्या गोष्टी दबू शकतात. एक बाजूला जाणारी नस, आणि दुसरा मधला मज्जारज्जू. रज्जू दबत असेल तर चाल बिघडते, बोटं बोथट होतात, हुक-गुंड्या जमेनाशा होतात, आणि दुखतंच असं नाही. तिथं वाट बघण्यात धोका असतो, गेलेलं परत येईलच असं नसतं. नस दबली तर मात्र माणूस रडवेला होतो, पण बहुतेकांचं ऑपरेशनाशिवाय ओसरतं. म्हणजे जास्त दुखतं ते कमी धोक्याचं आणि कमी दुखतं ते जास्त धोक्याचं, असा उफराटा कारभार आहे. आणि गावात माणसं अंदाज बांधतात ते दुखण्याच्या आवाजावरून.

अण्णा रिपोर्ट वाचायला देतात. त्यात तीन ठिकाणी बिघाड लिहिलाय. गाद्या फुगल्यात, हाडाच्या कडा वाढल्यात, डावीकडची वाट अरुंद झालीय.

"तीन!" मामा म्हणतो. त्यानं ही ओळ वहिनीकडून इतक्यांदा वाचून घेतलीय की त्याला ती पाठ आहे.

"आजोबा, तुमची फिल्म काढली तर चार निघतील," लेक म्हणते. जपानमध्ये मानेचं काहीही दुखणं नसलेल्या 1211 माणसांचे एमआरआय काढले होते, 2015 मध्ये ते छापून आलं. त्यातल्या 87.6 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. न दुखणाऱ्या माणसांच्या! आजीच्या तीन बिघाडांपैकी तिच्या बोटाशी आणि भाकरीशी जुळणारा एकच आहे, सहा-सातचा. बाकीचे दोन वयाचे, कदाचित डोक्यावरच्या ओझ्याचे.

ओझ्याचा विषय निघाला की पडवी गप्प होते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटवर निघतो. 2023 च्या जुलैत तो क्रेटला दोन हजारांच्या वर गेला होता, जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची नावं तेव्हा टीव्हीवर येत होती. त्या हंगामात मान दुखते म्हणून कोण घरी बसणार? तोडलेला माल सरीतून बांधापर्यंत आणायचा तो डोक्यावरच, आणि आणायचा बायांनीच. मामीनं किती क्रेट वाहिले याचा हिशोब कुणाकडं नाही. क्रेट मोजले गेले ते बाजारात.

दादा आता मुद्द्यावर येतो. "फुले योजनेत बसतंय. पाच लाखांपर्यंत आहे आता. आरोग्यमित्राशी बोललोय मी, मंजुरी येईल. फुकटात होत असेल तर थांबायचं कशाला?"

"मामा, पैसे योजना देईल. मान आजीची आहे," लेक दादाला म्हणते. माझा दादा म्हणजे तिचा मामा.

दादाला राग येत नाही, तो नुसता ओशाळतो. त्याचंही चुकत नाही. या तालुक्यात ऑपरेशन म्हणजे काय याची कल्पना नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयातून आलीय. डॉ. मनोहर डोळे यांच्या त्या दवाखान्यानं गावोगावच्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढले, डॉ. डोळे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. इथल्या कित्येक घरांत कुणीतरी एक दिवस गेलं, पट्टी बांधून आलं आणि दुसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला लागलं. ऑपरेशन म्हणजे असं. बिघडलेलं काढायचं, नवं बसवायचं, दिसायला लागतं. मामाच्या पक्षाची कल्पना नेमकी उलटी आहे: मानेला सुरी लागली की माणूस लुळा. दोन्ही पक्षांनी मानेचं ऑपरेशन झालेला माणूस जवळून पाहिलेला नाही.

लेक एमआरआयच्या पाकिटाच्या मागं चित्र काढते. गळ्याच्या पुढून, सुरकुतीत लपेल असा छेद. श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारायच्या, सरकलेली गादी काढायची, नस मोकळी करायची, रिकाम्या जागी छोटा पिंजरा किंवा हाड, बहुतेकदा पुढून पट्टी आणि स्क्रू. ते दोन मणके मग एक होतात. काही जणांत खोटी गादी बसवतात, काही जणांत मागून नसेची वाट मोठी करतात. लुळेपणा फार क्वचित. पण गिळताना त्रास होतो, आवाज बसतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारतो, थोड्यांचा नाही. दोन मणके जोडले की त्यांच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर भार येतो आणि काही वर्षांनी त्यांचं दुखणं सुरू होऊ शकतं. आणि हे ऑपरेशन हाताच्या कळेसाठी असतं. नुसती मान आखडते म्हणून केलं तर पदरात काय पडेल याचा भरवसा नाही.

"आणखी एक. जोडलेलं हाड भरून यायला तंबाखू आड येते."

मामी डोक्यावरचा हात खाली घेते. कमरेची पिशवी मांडीखाली सरकवते, तिला वाटतं कुणाला दिसलं नाही.

"मशेरीसुद्धा, आजी."

"मशेरी दाताला लावायची असती, मानेला न्हाय," मामी म्हणते, आणि सगळे हसतात. मी बघते, ती हसत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. मंगळवारच्या तारखेपेक्षा या वाक्यानं ती जास्त घाबरलीय.

मग दादा सरळ विचारतो, म्हणजे करायचं का नाही? लेक बराच वेळ बोलत नाही. काट्याचं टुंग ऐकू येतं. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावात 1976 ते 1990 या काळात मानेची नस दबलेल्या 561 माणसांचा माग ठेवला होता, असं ती सांगते. साधारण चौघांत एकाचं ऑपरेशन झालं. शेवटी तपासलं तेव्हा नव्वद टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. स्वीडनमध्ये 81 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: एकाला ऑपरेशन, एकाला व्यायाम, एकाला मानेचा पट्टा. चार महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांची कळ कमी होती. सोळा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे. "म्हणजे आपण विकत घेतो ते लवकर बरं होणं. त्याला किंमत नाही असं नाही. रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला वर्षभर थांब असं कोण सांगणार?"

ती पुढं म्हणते, "ज्या डॉक्टरांनी तारीख दिली ते चुकीचं सांगतायत असंही नाही. आजीचा हात लुळा पडायला लागलाय असं त्यांना वाटलं असेल तर थांबायचं कारणच नाही. प्रश्न तेवढाच आहे. ताकद आहे तिथं थांबलीय, का रोज उतरतीय? ते फिल्मवर दिसत नाही."

"मंग कशावर दिसतं?"

ती उठते. चिंचेखाली जाते, क्रेट बाजूला करून काटा उचलते आणि पडवीत आणून मामीपुढं ठेवते. बाया विळे थांबवून बघायला लागतात. "गुडघ्यावर बस, आजी. कोपर वाकव. तळहात काट्यावर. आता ढकल, भाकरी थापल्यासारखं."

उजवा हात: सतरा किलो. डावा: नऊ. तीनदा करून घेते. डावा नऊ, साडेआठ, नऊ.

हे कुठल्याही पुस्तकात नाही, असं ती मला हळूच सांगते. दवाखान्यात शून्य ते पाच असे ताकदीचे गुण देतात, आजीला चार मिळाले असते. पण चार म्हणजे काय ते मामाला कळलं नसतं. नऊ किलो कळतात. मामा खिशातून कांद्याचीच वही काढतो आणि मागच्या पानावर लिहितो: डावा 9, उजवा 17. दर रविवारी करायचं, एकाच वेळी, गोळी घेतल्यानंतर. आकडा घसरला, चाल अडखळली, हुक लागेनासे झाले, लघवीचं काही झालं, तर रविवारची वाट बघायची नाही. आकडा तिथंच राहिला किंवा चढला, तर सहा आठवडे गोळ्या आणि व्यायाम, जड काही नाही, मान वाकवून बसणं नाही. कळ तरीही झोपू देत नसेल तर ऑपरेशनात कमीपणा नाही. आणि मंगळवारच्या आधी मणक्याच्या दुसऱ्या सर्जनला दाखवायचं, त्यांनी आत्ताच करा म्हटलं तर तिचं काही ऐकायचं नाही. "आणि कुणाकडून मान मोडून घ्यायची नाही," ती अण्णांकडं बघत म्हणते. अण्णांनी गेल्या आठवड्यात एका माणसाचा नंबर आणून दिला होता.

या सगळ्यात तास-दीड तास गेलाय आणि मामीला कुणी काही विचारलेलं नाही. हे माझ्याही आत्ता लक्षात येतंय. ती नऊच्या आकड्याकडं बघत बसलीय.

"पोरी, ऑपरेशन केलं तर जड किती दिवस उचलायचं नाय?"

"सहा आठवडे तरी. जास्तच."

"आन् नाय केलं तर?"

"तरी सहा आठवडे, आजी."

मामी समोर बघते, कांद्याच्या ढिगाकडं, आणि आवाज खाली आणते. दादा तिथं आहे म्हणून नाही, बाया आहेत म्हणून. "टाकं पडल्यावर समदी म्हणत्यात, बस, उठू नको. टाकं नसल्यावर कोण म्हणतं गं?"

दादा चुलीकडं बघायला लागतो. वहिनी तव्यावरची भाकरी उलटते. मला एकदम उमजतं की मामी पाच आठवडे कुठल्या पक्षात आहे, आणि का. तिला सुरीची भीती वाटत नव्हती. घरच्यांना दिसेल अशी खूण तिला हवी होती. फिल्म उन्हात धरली की सगळ्यांना दिसते, पण ती धरलेली असते तेवढ्यापुरतीच.

लेकीला उत्तर सुचत नाही. पुस्तकात नसलेलं आज दुसऱ्यांदा समोर आलंय. मग ती कोपऱ्यात खुंटीला टांगलेला पट्टा काढते. मानेचा, पांढरा, प्लास्टिकचा, दवाखान्यातून आणलेला. मामीनं तो एकदाच घातला होता. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीनं लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागले, ते फोटो इथं सगळ्यांनी पाहिलेत. त्यामुळं मामीनं पट्टा घातला त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, "आता उसात बिनधास्त जायचं." पट्टा तेव्हापासून खुंटीला.

"हा घाल," लेक म्हणते. नेदरलँड्समध्ये 205 जणांवर तपासून बघितलंय, नव्या दुखण्यात तीन आठवडे पट्टा आणि विश्रांती, मग तो हळूहळू सोडायचा, यानं हाताची कळ नुसती वाट बघण्यापेक्षा लवकर उतरली. "तीन आठवडेच. त्यापुढं घालून बसलीस तर मान आळशी होईल."

मामी पट्टा हातात घेऊन फिरवून बघते. मग वहिनीला हाक मारते. वहिनी पदराला हात पुसत येते, मागून चिकटपट्टी लावते, एकदा सैल, एकदा घट्ट. मामीची हनुवटी वर येते. आता तिला खाली बघताच येत नाही, चुलीकडं नाही आणि कांद्याकडंही नाही. समोर बघायचं, नाहीतर वर.

ती उठून अंगणात येते, चिंचेच्या सावलीला बाजेवर बसते. डावा हात डोक्यावर जातो. रांगेतली एक म्हातारी विळा थांबवून तिला न्याहाळते.

"झालं का गं आप्रेशन?"

मामी चिंचेच्या शेंड्याकडं बघत सांगते, "सहा आठवड्यांनी हाय."

"मंग उठू नको," म्हातारी म्हणते, आणि पोराला ओरडून मामीच्या पाठीशी उशी द्यायला लावते. काटा पुन्हा चिंचेखाली गेलाय. टुंग.